मुसाफिर की मुकीम?

शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात मी मुलांना ‘माझी सुट्टी’ लिहायला सांगते. पंचवीस वर्षांची सवय आहे. आमच्या खाडीपट्ट्यात दर वर्गात तीन-चार तरी मुले अशी असतात ज्यांचे अब्बा आखातात आहेत, आणि त्यातले एखादे मे महिन्यात तिकडे जाऊन आलेले असते. त्याचा निबंध मी वही न उघडताही सांगू शकते. बुर्ज खलिफा ही जगातली सर्वांत उंच इमारत असून तिची उंची ८२८ मीटर आहे. आम्ही मॉलमध्ये गेलो. अब्बांनी मला रिमोटची गाडी घेऊन दिली. आम्ही खूप मजा केली.

सगळे खरे असते. फक्त त्यात ते मूल कुठे सापडत नाही. निबंध मोठ्यांच्या मोबाईलमधल्या फोटोंचा असतो, आणि फोटोत काय यावे हे मोठ्यांनी ठरवलेले असते.

यंदा आमच्याच घरातून मंडळी दुबईला गेली. माझा धाकटा भाऊ आठ वर्षे तिथे एका गोदामात स्टोअरकीपर आहे. वहिनीने दोन भिशा लावून पैसे जमवले, भावाने व्हिजिट व्हिसा काढला, आणि वहिनी, दहा वर्षांचा भाचा आणि पाच वर्षांची भाची अशी तिघे तीन आठवड्यांसाठी गेली. निघताना मी भाच्याच्या हातात शंभर पानी वही दिली. म्हटले, रोज चार ओळी लिही. कुठे गेलास ते नको लिहू, तुला नवल कशाचे वाटले ते लिही. बक्षीस काय, असे त्याने विचारलेच. परत आल्यावर सांगते म्हटले.

ती वही माझ्यापुढे आहे. त्याला विचारून यातले थोडे तुम्हाला सांगते आहे, कारण या सदरात आपण मुलांना काय द्यावे यावर पुष्कळ बोलतो. मुले आपल्याला काय देतात यावर कमी.

पहिल्या पानावर घड्याळ आहे. विमानात अम्मीने घड्याळ दीड तास मागे केले याचे त्याला फार नवल. “आम्हाला दीड तास फुकट मिळाला. परत येताना ते काढून घेणार आहेत.” दुसऱ्या पानापासून तेवीसचा पाढा सुरू होतो. एक दिरहम म्हणजे साधारण तेवीस रुपये, हे कोणीतरी त्याला सांगितले आणि पोराने प्रत्येक वस्तूला तेवीसने गुणले. पाण्याची लहान बाटली तेवीस रुपये. वहिनी सांगत होती, चार दिवस तो तहान लागली तरी बोलेना. शेवटी भावाने दटावले, तेव्हा प्याला. हे वाचून मला हसू आले आणि बरेही वाटले. पैसा कुठून येतो हे ज्याला कळले नाही, त्याला पाण्याची किंमत वाटत नाही.

राहायला त्यांना शारजात जागा मिळाली होती. भावाचा एक सहकारी कुटुंबासह केरळला गेला होता, त्याची खोली रिकामी होती. शारजाहून दुबईला सकाळी निघणाऱ्या गाड्यांची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. भाऊ पहाटे फजर झाली की बाहेर पडे. भाच्याने लिहिले आहे, “मी गॅलरीतून बघतो. कंपनीची बस येते. अब्बा चढतात आणि लगेच डोके काचेला टेकवून झोपतात. बसमधले सगळेच झोपतात. झोपलेली बस जाते.”

बुर्ज खलिफावर त्याची दीडच ओळ आहे. वर जाण्याच्या तिकिटाचा हिशोब काही बसला नाही, म्हणून त्यांनी ती खालूनच पाहिली. पण तिथे भावाने त्याला एक गोष्ट सांगितली, ती मात्र पानभर आहे. उंचावरच्या माणसाला सूर्य जास्त वेळ दिसतो, म्हणून २०११ साली तिथल्या मुफ्तींनी सांगितले की ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटे उशिरा सोडावा आणि १५० व्या मजल्याच्या वरच्यांनी तीन मिनिटे. पोराच्या डोक्यात हे पक्के बसले. घरी आल्यावर त्याने दादीला विचारले, माडावर चढलेल्या माणसाने रोजा कधी सोडायचा? दादी म्हणाली, मगरिबच्या वेळी माडावर कशाला चढायचे, मेल्या, खाली उतर!

त्याला सर्वांत आवडली ती अब्रा. दुबईच्या मधून खाडी जाते. एका काठाला देरा, दुसऱ्याला बर दुबई, आणि मधे लाकडी होड्या माणसांची ने-आण करतात. भाडे एक दिरहम. तरीवरून पलीकडच्या गावी जाणाऱ्या आमच्या पोराला त्यात नवे काय, असे तुम्ही म्हणाल. पण नेमके तेच. “इथे पण खाडी आहे,” असे त्याने लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. इतके दिवस त्याच्या मनातली दुबई काचेची आणि लिफ्टची होती. तिथे चिखलाचा वास येणारे पाणी, सीगल, दोराने बांधलेली लाकडी गलबते आणि त्यांवर चढणारे फ्रीज, टायर, पोती दिसली तेव्हा ती एकदम ओळखीची झाली.

याच खाडीत त्याचे दादाजान उतरले होते. माझे वडील १९६४ साली मुंबईहून ‘द्वारका’ जहाजाने गेले. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही जहाजे मुंबईहून आखाती बंदरांना जात. ‘द्वारका’ची फेरी १९८२ मध्ये बंद झाली. वडील गेले त्या काळी दुबईत मोठे जहाज लागेल असा धक्काच नव्हता. पोर्ट रशीद सुरू झाले १९७२ साली. जहाज दूर समुद्रात उभे राही आणि माणसे लहान होड्यांतून खाडीत शिरत. पैसाही तेव्हा तिथे रुपयाच होता. रिझर्व्ह बँकेने आखातासाठी १९५९ पासून वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या, १९६६ पर्यंत तिथे त्या चालल्या. म्हणजे भाच्याला दादाजानच्या काळात तेवीसचा पाढा लागलाच नसता. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, तेव्हा त्यांना पाणी प्यायला भीती वाटली नसेल.

मेट्रोचे पान मला पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते. २००९ पासून चालणाऱ्या या गाडीला ड्रायव्हर नाही, याचे आमच्या वर्गातल्या निबंधांत नेहमीच कौतुक असते. याने ते एका वाक्यात उरकले आहे. पुढे लिहितो, “बायका आणि मुलांचा भाग वेगळा आहे. जमिनीवर गुलाबी रेषा आहे. अम्मी, मी, छोटी रेषेच्या आत. अब्बा रेषेच्या बाहेर. बाप्यांनी आत आले तर दंड. मी बाहेर जाऊ शकतो, अब्बा आत येऊ शकत नाहीत. म्हणून मी बाहेर गेलो.” तीन आठवड्यांत प्रत्येक वेळी तो असा बाहेर जाऊन बापाच्या हाताला धरून उभा राहिला, असे वहिनी सांगते. बसायला जागा असली तरी.

आता मुद्द्याचे. भगिनींनो, तुमच्यापैकी अनेकींच्या घरी हीच स्थिती आहे, म्हणून उघड लिहिते. आमच्याकडच्या मुलांना बाप माहीत असतो तो सुट्टीवर आलेला. दोन वर्षांतून एकदा चाळीस-पन्नास दिवस. मोठ्या बॅगा, अत्तराचा वास, सगळ्यांना काही ना काही, दर दुसऱ्या दिवशी दावत. त्याला कोणी पाणी घ्यायलाही उठू देत नाही. आमच्या भाच्याने गेल्या वर्षी चाचणी परीक्षेत गणितात कमी गुण आणले, तेव्हा मला तोंडावर सांगितले होते, “फुफी, मला कशाला गणित? मी दुबईला जाणार.” त्याच्या लेखी दुबई म्हणजे अशी जागा, जिथे माणूस नुसता राहतो आणि त्याच्या बॅगा भरतात. हे वाक्य मी पंचवीस वर्षांत किती मुलांच्या तोंडून ऐकले असेल!

वहीत सातव्या दिवसापासून बाप दिसायला लागतो. “मॅनेजरचा फोन आला की अब्बा उभे राहतात. मॅनेजर दिसत नाही तरी.” दुसरीकडे, “अब्बा गावी मोठ्याने बोलतात. इथे हळू बोलतात. हिंदीत बोलतात, मल्याळममध्ये पण बोलतात.” मग एका दुपारी टॅक्सीतून जाताना परातीवर उभी माणसे दिसली, डोक्याला फडके गुंडाळलेली, ऊन चाळिशीच्या आसपास. भावाने त्याला समजावले की १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला तिथे कायद्याने बंदी आहे. वहीत खाली प्रश्न आहे, “मे महिन्यात ऊन कायद्यात नाही का?” याचे उत्तर भावाने दिले नाही. मलाही देता आले नाही.

आणि तो नमाजचा प्रश्न. मक्तबमध्ये त्याला शिकवले आहे की मुसाफिराची चार रकातींची फर्ज नमाज दोनच होते. पोरगा निघताना खूश होता, तीन आठवडे अर्धी नमाज! मुंबईत विमानापूर्वी एक रात्र काढली तेव्हा त्याने मामूंबरोबर कसर पढलीही. पण शारजात पहिल्या इशाला भाऊ चार रकाती पढला. आम्ही कोकणी शाफई. आमच्या मसलकात पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस सोडून चार दिवस किंवा जास्त राहायचा इरादा केला की माणूस मुकीम ठरतो, त्याला पूर्ण नमाज. हनफी भावंडांकडे हीच मुदत पंधरा दिवसांची आहे. भावाने त्याला हे नीट समजावून सांगितले. त्यावर त्याने विचारले, “मग अब्बा, तुम्ही इथले मुकीम?”

“हो.”

“आणि गावी आल्यावर?”

“गाव तर आपले वतन. तिथे पोहोचलो की मुकीमच.”

“मग तुम्ही मुसाफिर कधी असता?”

भाऊ हसला आणि म्हणाला, विमानात. वहिनी म्हणते, हसला खरा, पण नंतर बराच वेळ मुसल्ल्यावरच बसून राहिला.

फिकहचा जबाब अगदी बरोबर होता. मुलाने विचारले होते ते मात्र फिकहपुरते नव्हते, हे बापाला कळले असणार. कारण दोन दिवसांनी त्याचा मला फोन आला. मुलगा हट्ट धरून बसला होता, तुम्ही रोज झोपता ती खोली दाखवा. शारजाची जागा उसनी आहे हे त्याने ओळखले होते. भिंतीवर दुसऱ्याच मुलांचे फोटो होते. भाऊ म्हणत होता, “काय दाखवू त्याला तिथे? दुमजली खाट? पोराच्या मनातून उतरेन.” वहिनीचाही जीव वरखाली होत होता. तिलाही ती खोली फक्त फोनच्या पडद्यावर ठाऊक, तीही भिंतीचा एक कोपरा. मी एवढेच म्हटले, आपल्या वडिलांनी आपल्याला त्यांची खोली कधी दाखवली नाही. ते तिथे कसे राहिले, काय खाल्ले, आजारी पडले तर कोणी पाणी दिले, हे आपल्याला आजही माहीत नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

शुक्रवारी भाऊ त्याला एकट्याला घेऊन गेला. देरात, तिसऱ्या मजल्यावर. तिकडच्या भाषेत त्याला बेडस्पेस म्हणतात, म्हणजे भाडे खोलीचे नाही, खाटेचे. या दिवसाची वहीत साडेतीन पाने आहेत, सगळ्या वहीत सर्वांत जास्त. थोडे त्याच्याच शब्दांत देते.

“एका खोलीत सहा जण. खाटेवर खाट. अब्बांची वरची. जिन्यासारख्या लोखंडी पायऱ्या आहेत. अब्बांनी चादरीचा पडदा केला आहे. पडदा ओढला की त्यांची खोली होते. आत लहान पंखा आहे आणि बल्ब. मी आणि अब्बा दोघे आत बसलो. उभे राहता येत नाही.”

“स्वयंपाकाच्या पाळ्या आहेत. गुरुवारी अब्बांची पाळी. अब्बा चपात्या करतात. केरळचे चाचा म्हणाले तुझ्या अब्बांची चपाती गोल असते. मला माहीत नव्हते. आज चाचांची पाळी होती. त्यांनी मासे केले. मला डोके दिले.”

“सगळ्यांच्या खाटेजवळ भिंतीवर काहीतरी चिकटवले आहे. एकाचे बाळ. एकाचे घर, अर्धे बांधलेले. अब्बांच्या भिंतीवर माझे वेळापत्रक आहे.”

तेच. शाळेचे वेळापत्रक. गेल्या जूनमध्ये सुट्टीवर आला असताना भावाने त्याची झेरॉक्स काढून नेली होती, हे घरात कोणालाच आठवत नव्हते. प्रत्येक तासाच्या वेळेशेजारी पेन्सिलीने दीड तास वजा करून दुबईची वेळ लिहिलेली. शाळा साडेदहाला भरते, तिथे नऊ. मधली सुट्टी १:४० ला, तिथे १२:१०. “अब्बांना माहीत आहे की मंगळवारी माझा शेवटचा तास खेळाचा असतो. ते म्हणाले मी गोदामात पेट्या मोजतो तेव्हा तू मैदानावर असतोस.”

त्या पानावर एवढेच आहे. पुढच्या दिवशी पुन्हा मांजरे, बकाल्यातला सायकलवाला, तंदूरची मोठी खुब्ज. मुलांचे असेच असते, ती एका जागी थांबून राहत नाहीत.

मनातून उतरण्याचे म्हणाल, तर परत आल्यावर त्याने दादीला पहिली बातमी कोणती दिली असेल? अब्बांना चपात्या येतात! दादी आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावला. तिने आयुष्यात मुलाला चुलीजवळ फिरकू दिले नव्हते. वहिनीने त्यावर एकच वाक्य टाकले, पुढच्या सुट्टीत गुरुवार त्यांचा. हे भावाला फोनवर कळले आहे आणि त्याने अजून नकार दिलेला नाही.

परदेशी सुट्टी म्हणजे पैशाचे काम, प्रत्येकीला जमणार नाही. पण ज्यांना जमेल त्यांनी मुलांच्या दिवसात इतके मॉल कोंबू नयेत, असे मला स्वच्छ सांगावेसे वाटते. वहिनीच्या मोबाईलमध्ये अकराशे फोटो आहेत. त्यात ती खोली एकाही फोटोत नाही, ती फक्त वहीत आहे. दुबई मॉलमधल्या मोठ्या काचेच्या टाकीतले शार्क बाहेरून फुकट दिसतात, ते जरूर दाखवा. बर दुबईच्या जुन्या मोहल्ल्यात वाऱ्याचे मनोरे आहेत, त्यांच्या खाली मुलाला उभे करा, वरून खाली येणारी हवा अंगावर घेऊ द्या, विजेच्या आधी माणसे उन्हाळा कसा काढत ते त्याला आपोआप कळेल. आणि एक दिवस बापाबरोबर द्या. जिथे तो राहतो, काम करतो, जेवतो, तिथे. बाप कचरेल. त्याची लाज समजून घ्या, पण तिच्यासाठी मुलाला खोट्या दुबईत ठेवू नका. मुले खाटेची उंची मोजत नाहीत. भिंतीवर काय आहे ते बघतात.

ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांनी फोनवर बोलताना एखाद दिवशी ‘काय पाठवताय’ ऐवजी ‘आज पाळी कोणाची होती’ असे मुलाला विचारायला शिकवावे. उत्तर मिळायला दोन-चार फोन लागतील.

बक्षिसाची मागणी झाली. मी त्याला कंपासपेटी दिली, तो नाराज होता, त्याला क्रिकेटची बॅट हवी होती. पण परवा संध्याकाळी ती पेटी घेऊनच तो आला. पाचवीचे नवे वेळापत्रक मिळाले होते. पट्टीने रेघा मारून त्याने दोन प्रती केल्या होत्या, एक घरची आणि एक अब्बांची. म्हटले, फोटो काढून पाठव की, एका मिनिटात पोहोचेल. तो म्हणाला, फोटो भिंतीला चिकटत नाही. शेजारचे काका पुढच्या आठवड्यात परत चालले आहेत, त्यांच्याकडे देणार. अब्बांच्या प्रतीत दुपारपर्यंतच्या वेळा भरून झाल्या होत्या, पण एका तासापाशी गाडी अडली होती.

“फुफी, एक वाजून दहा मिनिटांतून दीड तास कसा वजा करायचा?”

मी म्हटले, एकच्या जागी तेरा धर. त्याने बोटांवर मोजले, ११:४० लिहिले आणि पुढच्या तासाला लागला.